जमिनीपासून चार बोटं वर

पुणे,
४ ऑगस्ट २०२५

सौ. अंबुबाई विहीणबाई यांना,
स. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं तर ते तुमचा लेक शौर्य तुम्हाला वाचून दाखवतो. हे त्याने वाचू नये असं वाटतं, म्हणून बऱ्याच वर्षांनी पेन हातात घेतलं आहे. अक्षर गोड मानून घ्या.

इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा कुरकुरतो, आणि हे गुडघ्यापेक्षा जास्त कुरकुरतात.

शमिकाचं काय चाललं आहे, ते मला कळत नाही. तिचं बाळ तिसऱ्या महिन्यातच गेलं, त्याला महिना होऊन गेला. तेव्हापासून माझी लेक माझा फोन घेत नाही. बरी आहे, कामात आहे, एवढंच लिहून पाठवते. शौर्य म्हणाला की आठवडा व्हायच्या आतच ती प्रयोगशाळेत जायला लागली आणि डबाही न खाता परत आणते.

विहीणबाई, राग मानू नका, पण तुम्ही तिला जाऊ कसं दिलंत? ती हट्टी आहे, मान्य. लग्नाच्या साडीसाठी तिने तुम्हाला चिकपेटच्या गल्ल्यांतून किती पायपीट करायला लावली होती, ते मी विसरलेले नाही. पण सासूने एकदा डोळे वटारले असते तर चार दिवस अंथरुणावर पडून राहिली असती. माशीसारखे पंख हलवणारं यंत्र करायचं, ते जमिनीलगत उडवायचं आणि त्यापायी दिवसभर उभं राहायचं. मला त्या यंत्राचाच राग येतो.

कडक लिहिलं असेल तर आईची काळजी म्हणून सोडून द्या. विश्वासरावांना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होऊ देऊ नका.

आपली,
हेमलता

बेंगळूर, बनशंकरी
१३ ऑगस्ट २०२५

सौ. हेमलता अक्कांना,
अंबूचा सा. न. वि. वि.

माझी शाळा कन्नडमधली. मराठी लिहायला मला सासूबाईंनी शिकवलं, त्यामुळं चुका दिसल्या तर त्यांच्या नावावर घाला.

तुमचा राग पोचला आणि पटलाही. मी तिला जाऊ नको म्हटलं होतं. ती सरी अत्ते, म्हणजे बरं सासूबाई, म्हणाली आणि चपला घालून गेली. आता काय करायचं? डबा तसाच परत येत होता, म्हणून सोमवारी मीच बिसीबेळेभात घेऊन निघाले. आमचे हे म्हणाले, बनशंकरीहून येलहंका म्हणजे परगावी जाण्यासारखं, भात गार होईल. होऊ दे म्हटलं.

तिनं मला आत नेलं. काचेची मोठी टाकी, त्यात दाट तेल, आणि तेलात हातभर लांबीचे दोन पंख सावकाश हलत होते. ती म्हणाली, माशीला हवा जशी जाणवते तसं या मोठ्या पंखांना तेल जाणवतं, म्हणून इथं सगळं संथपणे बघता येतं. तेलात बारीक कण सोडलेले. हिरवा उजेड पाडला की ते कण भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. पंख त्यांना खाली ढकलतात, खाली एक पाटी आहे, ती म्हणजे जमीन. तिच्यावर आपटून ते पसरतात आणि उलटून वर येतात. पाटी अगदी जवळ असेल तर पंखांना खालून टेकू मिळतो. ती स्वल्प लांब नेली की तोच उलटा प्रवाह पंखांचं काम बिघडवतो. आणखी लांब नेली तर जमीन आहे की नाही, हे पंखांना कळतही नाही. अक्का, मला हे सगळं समजलं, कारण सांगताना तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला होता.

मग शेजारी जाळीच्या खोलीत तिनं खरं यंत्र उडवलं. तळहातावर मावेल एवढं. पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्याखाली, जमिनीलगत जाऊन माणसं शोधायला त्याचा उपयोग व्हावा, असं तिच्या मनात आहे. छान उडालं. पण उतरताना जमिनीपासून चार बोटं वर आलं आणि कोणी खालची हवा काढून घ्यावी तसं पडलं. पंख मोडला. ती म्हणाली, रोज इथंच पडतं. सप्टेंबरच्या शेवटी तपासणीला मोठी माणसं येणार आहेत, तोवर जमलं नाही तर काम बंद होईल.

ती तुकडे गोळा करायला खाली बसली ती उठेचना. मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, त्या आठवड्यात मी तेलाचा डबा उचलला होता, अत्ते, त्यानंच झालं का? आई म्हणाली होती, या यंत्रापायीच झालं.

अक्का, हे लिहावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. ती दवाखान्यात असताना तुम्ही फोनवर घाबरून बोलून गेलात, हे मला समजतं. पण ती तुमच्यावर रागावलेली नाही. तुमचं म्हणणं खरं असेल, या भीतीनं ती फोन घेत नाही. मी तिला जवळ घेतलं, दुसरं काय करणार? काल तिला डॉ. क्षमांकडं नेलं. त्यांनी समोर बसवून सांगितलं, गर्भाची वाढ सुरुवातीपासूनच नीट नव्हती, उचलल्यानं किंवा उभं राहिल्यानं असं होत नाही. तिनं ऐकून घेतलं. पण डॉक्टरांचं ऐकणं वेगळं. तिला ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

तुम्ही वडीलधाऱ्या, मी जास्त बोलले असेन तर पोटात घाला. माया राहू द्या.

तुमची,
अंबू

पुणे,
१९ ऑगस्ट २०२५

चि. शमिका हिला,
अनेक आशीर्वाद.

अंबुबाईंचं पत्र आलं. तू त्यांना काय विचारलंस, ते त्यांनी मला कळवलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

मी ते बोलले ते चूक होतं. तू दवाखान्यात, मी इथे, हातात करण्यासारखं काही नाही, आणि कुणाला तरी दोष द्यायचा म्हणून मी समोर दिसलं त्याला दिला. ते यंत्र तुझंच आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता ऐक. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. डबा उचलल्यामुळे नाही, उभं राहिल्यामुळे नाही, काम आवडतं म्हणून तर नाहीच नाही. डॉक्टर म्हणाल्या म्हणून मी हे लिहीत नाही. मी तुझी आई आहे आणि माझा यावर विश्वास आहे.

फोन घ्यावासा वाटला नाही तर घेऊ नकोस. तू आधी जेवत जा. तुझ्या यंत्राबद्दल मला कधीच काही विचारावंसं वाटलं नाही, याची लाज वाटते. ते चार बोटांवर का पडतं, मला सांगशील? सोपं करून सांग. बँकेत इतकी वर्षं काढली आहेत, आकड्यांना मी भीत नाही, पण हवेचं काही माहीत नाही.

बाबा आशीर्वाद सांगतात आणि ते शेजारीच बसले आहेत, असंही लिहायला सांगतात.

तुझी,
आई

बेंगळूर,
८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला घेतलं होतं. तीनदा फाडलं. मला शब्द सापडत नव्हते, म्हणून आधी यंत्राचं सांगते.

आम्ही सगळे इतके दिवस एकच करत होतो. जमीन जवळ आली की जपून, अगदी हळू उतरायचं. पण तो चार बोटांचा थरच वाईट आहे. तिथे खालून परत येणारा प्रवाह पंखांखाली गोंधळ घालतो आणि पंखांना मिळणारा आधार कमी होतो. आम्ही हळू उतरायचो, म्हणजे नेमके तिथेच रेंगाळायचो. टाकीतली मोजमापं पुन्हा मांडली तेव्हा ते दिसलं. आता थर यायच्या आधीच पंखांचा झोका मोठा करतो आणि न थांबता खाली जातो. त्याच्याखाली, जमिनीला अगदी लागून, टेकू आहेच. तिथे पोचेपर्यंतच प्रश्न असतो.

परवा ते पहिल्यांदा उतरलं. कुशीवर कललं, पण पंख शाबूत. अद्वैत म्हणून माझा सहकारी आहे, तो एवढ्या मोठ्याने ओरडला की सुरक्षारक्षक धावत आला. मी अत्तेंनी दिलेला डबा उघडला आणि सगळा संपवला.

आई, तुझं वाक्य मला लागलं होतं. खोटं कशाला सांगू? अजूनही मध्येच आठवतं. तुझं पत्र पर्समध्ये ठेवलं आहे, तसं आठवलं की ते काढून वाचते. तपासणी झाली की दसऱ्याला येशील का? मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ते लिहिता येत नाही.

बाबांना नमस्कार, आणि ते आता उठून दुसरीकडे बसले तरी चालेल.

तुझी,
शमिका

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अंबुबाईंना,
सप्रेम नमस्कार.

सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेल्या होळिग्यांतल्या, म्हणजे आमच्या पुरणपोळ्यांतल्या, निम्म्या यांनी पिशवी उघडताक्षणी संपवल्या. यांचा गुडघा त्या वेळी अगदी शांत होता.

तपासणीला आलेल्या माणसांनी काम पुढे चालू ठेवा असं मी तिथे असताना कळवलं, तेव्हा तुम्ही विश्वासरावांना हाक मारताना सगळी गल्ली गोळा केलीत. तुमचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मला शमिकाने जाळीच्या खोलीत नेलं तेव्हा यंत्र दोनदा नीट उतरलं आणि तिसऱ्यांदा आपटलं. ती हसली आणि म्हणाली, अजून पुष्कळ काम बाकी आहे. तिला काम बाकी असल्याचा आनंद होता. तो पाहून मीही हसले.

एक गोष्ट तुमच्या घरी असताना बोलायची राहून गेली. निघण्याच्या आदल्या दुपारी तुम्ही देवळात गेला होतात. मी शमिकाच्या केसांना तेल लावत होते. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. तशीच बसून म्हणाली की तिने बाळाला मनातल्या मनात एक नाव दिलं होतं, शौर्यलाही सांगितलं नव्हतं, आणि ते नाव कुणीच कधी उच्चारलं नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. मग तिने ते मला सांगितलं. मी ते मोठ्याने म्हटलं. ती रडली, मीही रडले, तेलाचा हात डोळ्यांना लागला म्हणून आणखी रडलो.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि तिच्या सवडीने ती तुम्हालाही सांगेल. सांगेल तेव्हा तुम्हीही ते एकदा म्हणा, अंबुबाई, आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात म्हणा.

तुमची,
हेमलता