मुहूर्ताच्या रविवारी सिनेमा

रवि., ६ ऑगस्ट
सकाळच्या शोला बंगाली. तिरुवैयारूचे वीणेचे सर मोपेडवरून आले, मेडिकलची मुलं, बँकेतले दोघे. नेहमीचेच. गेल्या खेपेला जपानी, त्याआधी मूकपट. मी खूश. अण्णा मात्र रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते. थिएटर त्यांचं, रविवारची सकाळ तेवढी माझी. नंतर म्हणाले, "पद्मा, केबल आली. लोक घरींच बघतात. कंत्राटदाराला सांगतों, लग्नांसाठीं कल्याण मंडप करूं."
थोरला भाऊ, त्यात मालक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

बुध., ९ ऑगस्ट
कडाकडा भांडले. शेवटी कबूल झाले: एक रविवार हॉल भरून दाखव, मग मंडपाचं नाव काढत नाही.
मराठी सिनेमा लावते! या तमिळ गावातली आपली पिढीजात मराठी घरं पोलिश बघायला येत नाहीत, पण आपल्या भाषेतला? पुण्याला कॉलेजात असताना एक पाहिला होता, रडले होते. त्याची प्रिंट मद्रासहून २७ च्या रविवारपुरतीच मिळतेय. चालेल.

शनि., १९
दारोदार बोलावणं. सगळीकडे कॉफी, सगळीकडे "येतों कीं गे!" रुक्मिणीआत्या तर, "सगळ्यांनां घेऊन येतें बघ."
एवढ्या सहज हो म्हणतात, याचीच भीती वाटते.

शुक्र., २५
प्रिंटची पेटी आली. आमचा ऑपरेटर सेल्वम रिळं तपासत बसला. घरात कुणाशी धड बोलत नाहीये.

रवि., २७
साडेदहा. वीणेचे सर, मुलं, बँकेतले. आपलं एक माणूस नाही. एक!
फाटकात उभी. अण्णा रेशमी वेष्टी नेसून निघालेले. "तूं नाहीं येत लग्नाला?"
कुठलं लग्न? पापनाशमकरांच्या मुलीचं, राजवाड्याजवळच्या मंडपात. गावातली सगळी मराठी घरं तिथेच. पत्रिका महिनाभर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला अडकवलेली. वहिनी म्हणते, "तुम्हांला ठाऊक असेल म्हटलं." तमिळ आडी महिन्यात लग्नं नसतात, म्हणून माझे रविवार बरे जात होते. आवणी लागली, मुहूर्त सुरू झाले. इथे लोक पंचांग बघून दूधवाला बदलतात, आणि मी शहाणी सिनेमा लावते पंचांग न बघता! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.
शो संपला. सेल्वम रीळ मागे गुंडाळत होता. तेवढ्यात फाटकाशी व्हॅन, रिक्षा, मग आणखी रिक्षा. कांजीवरम साड्या, मोगरा, हातात तांबूलाच्या पिशव्या. पुढे आत्या.
"येतों म्हटलं होतं कीं नाहीं? लग्नाचा सापाडु न जेवतां कोण येतं? लाव आतां!"
मी अण्णांकडे बघितलं, तेही याच लोंढ्यातून परतलेले. दुपारच्या तमिळ खेळाचे लोक यायला लागले होते. अण्णांनी त्यांची रांग बघितली. मग सेल्वमला म्हणाले, "पोडु." लाव.
हॉल भरला. निम्मे जेवणाच्या सुस्तीने घोरत. लहान मुलांना पुण्याची मराठी कळेना, म्हाताऱ्या मोठमोठ्याने तमिळमधून सांगत होत्या. आई मरते तिथे मात्र सगळे गप्प झाले. मी पुन्हा रडले. बाहेर तमिळ खेळवाले दार बडवत होते.
सुटल्यावर अण्णा: "भरला खरा. पण लग्नानं भरला, सिनेमानं नाहीं."
मी खुर्च्यांखाली सांडलेला मोगरा झाडून काढला.

सो., २८
कंत्राटदार टेप घेऊन आला. अण्णांनी माप घेऊ दिलं. खुर्च्या उखडायचं विचारलं तेव्हा म्हणाले, "इरुंगो. थांबा."
मी जन्मात पहिल्यांदा पंचांग उघडलं. पुढच्या रविवारीही मुहूर्त.
व्हरांड्यात बोर्ड पुसून लिहिलं: 'रविवार. पोलिश.' अण्णा मागे येऊन उभे. म्हटलं, "लग्नाच्या जेवणानंतर ठेवूं?" दुपार त्यांची, तमिळ खेळाची. अण्णांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि वेळेच्या जागेसमोर नुसते उभे राहिले.
मी घरी आले. जागा अजून कोरीच असेल.