रघूचा तळवा
अमळनेर, रविवार, २४ जानेवारी १९५४

आज चोपड्याच्या संघाला फुटबॉलात हरवलं, तरी मी अजून धुसफुसतोय. काठावरून मी घसा फोडून ओरडत होतो, “रघूकडे द्या! तो मोकळा आहे!” कुणी ऐकेना. आमच्या मॅनेजरने, दत्तूने, नुसतं उजवीकडे बोट केलं आणि तिकडूनच गोल झाला. माझ्याच वयाचा दत्तू! मला काय खेळ कळत नाही? (भेळ झकास होती, ते असो.)

नंतर त्याला छेडलं. म्हणाला, “भाऊ, रघूना पायमा सकायपासून पऱ्हाटीनं धसकट भरेल शे. तू नुसता चेंडू देखस.”

रघूच्या पायात सकाळपासून कापसाच्या झाडाचा खुंट रुतलेला! पोरं अनवाणी खेळतात, म्हणून हा आधी सगळ्यांचे तळवे तपासतो. ते मला काठावरून कसं दिसावं?

पण रघू तर माझा शेजारी. सकाळी माझ्याच ओट्यावर बसला होता. मला का नाही दाखवला तळवा?