लॅपटॉपला आमचा विरोध आणि पाठिंबा

३ जुलै, सकाळी
क्लबने नवा मॅनेजर नेमला. वय चौतीस. आजवर एकाही टीमचा मॅनेजर झालेला नाही. जुन्या मॅनेजरच्या मागे बसून लॅपटॉपवर मॅचचे व्हिडिओ कापायचा. अशा पोराच्या हाती आमचा क्लब! पेपरात हे वाचता वाचता इस्त्रीखाली एका गिऱ्हाइकाची कॉलर जळाली.
संकल्प: फुटबॉलवरून चिडायचं नाही. चाहता मंडळाच्या अध्यक्षाला ते शोभत नाही.

३ जुलै, संध्याकाळी
चिडलो.
तातडीची सभा, आमच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत. दाताचे डॉक्टर म्हणाले, हा लॅपटॉप डिसेंबर काही बघत नाही. नाव सगळ्यांना आवडलं. मेहुणा बस चालवतो. तो म्हणाला, पहिल्या दिवशी मलाही अनुभव नव्हता, तरी माणसं बसलीच ना? मी म्हटलं, त्या दिवशी बस कुठे घातलीस तेही सांग. मुद्दा जिंकला.
मुलगी कॉलेजातून आली. म्हणे, बाबा, गेल्या सीझनला कॉर्नरवरचे सगळे गोल त्यानेच बसवले होते. लहान आहे अजून. गोल बसवायचे नसतात, होतात.
ठराव: जाहीर विरोध. बायकोने विचारलं, हॉटेलच्या चादरींना इस्त्री ठराव करणार का?

२० जुलै
बॅनर रंगवला: 'प्रयोग नको, अनुभव हवा.' कापडाला एक पांढरी चादर घेतली. कधीची पडून होती, कुणी नेत नव्हतं. चादरीच्या मालकीणबाई आजच उगवल्या. त्यांना म्हटलं, डाग हट्टी आहे, वेळ लागेल. बायकोने आमच्या पलंगावरची नवी चादर काढून दिली. आज नुसत्या गादीवर झोपायचं.

१२ ऑगस्ट
लॅपटॉप स्वतः दुकानात! कोटाच्या बाहीवर शाईचा डाग घेऊन. मी तत्त्वाचा माणूस. अगदी कोरडेपणाने म्हटलं, या साहेब, बसा साहेब, आमचा तुम्हाला पूर्ण पाठिंबा आहे साहेब. बॅनर मागे दोरीवर टांगलेला होता. त्याच्यापुढे हात पसरून उभा राहिलो. याला मुत्सद्दीपणा लागतो.
बोलता बोलता सुचवलं, लेफ्ट बॅक थकलाय. तो म्हणाला, बघू. कोट कधी मिळेल? शब्द मोजके, पण नजरेत आदर होता.

१९ ऑगस्ट
लेफ्ट बॅक बाहेर! आणि आम्ही दोन-शून्यने जिंकलो! पेपरात आलंय की त्याचा पाय मुरगळलाय. पेपरवाल्यांना क्लब आतलं थोडंच सांगतो.
सभेत स्पष्ट केलं की अध्यक्षांची भूमिका पहिल्यापासून सकारात्मकच होती. डॉक्टरांनी विचारलं, मग बॅनर? म्हटलं, तो इतर क्लबांना उद्देशून होता.

१५ सप्टेंबर
पुन्हा विजय. आता साहेबांचा कोट आला की खिशात एक चिठ्ठी सरकवतो. कोणाला खेळवावं, कोणाला बसवावं. खाली नाव टाकत नाही. खरा सल्लागार पडद्याआडच शोभतो. बायको म्हणते, गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालू नये. तिला फुटबॉल कळत नाही.
डॉक्टर अजून 'लॅपटॉप' म्हणतात. खडसावलं. साहेब म्हणायचं.

२७ ऑक्टोबर
सलग चौथी हार. साहेब चिठ्ठ्या नीट वाचत नसावेत. अक्षर मोठं काढायला सुरुवात केली.

९ नोव्हेंबर, दुपारी
मी मागे वाफेच्या प्रेसवर होतो. साहेब काउंटरवर बायकोशी बोलत होते. सगळं ऐकू आलं.
म्हणाले, वहिनी, कोटाच्या खिशात दर वेळी कुणाचे तरी कागद येतात. शाळेतल्या मुलाचे दिसतात. टीम काढलीय, पण तिच्यात बारा खेळाडू आहेत. पोरगं शोधत असेल, देऊन टाका. बायकोने कागद घेतले. हसली नाही, पण तिचे खांदे हलत होते.
मग म्हणाले, शनिवारी हरलो तर बहुतेक हा शेवटचा कोट. आत्ताच मुलांना इथल्या शाळेत घातलंय. बायकोने त्यांना बसवून चहा दिला. मीही गेलो असतो बाहेर, पण प्रेस तापला होता. तापलेला प्रेस सोडून जाणं धोक्याचं.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
सभा. ठराव: लॅपटॉप हटाव. कारणं निव्वळ तात्त्विक.
मेहुणा म्हणाला, दाजी, माणसाची नोकरी जाईल. म्हटलं, फुटबॉलमध्ये भावना आणायच्या नाहीत. मुलीने ऐकलं. म्हणाली, शनिवारी मी मामाशेजारी बसेन. पाच वर्षांची होती तेव्हापासून माझ्या शेजारी बसते. बसू दे. पाय पसरायला जागा होईल.

१४ नोव्हेंबर
भोंगा घेऊन डगआउटच्या, म्हणजे लॅपटॉपच्या बाकाच्या, बरोबर मागे. मफलर नाकावरून घेतला होता, थंडी फार म्हणून. 'लॅपटॉप बंद करा!' घोषणा माझीच. बघता बघता अख्ख्या स्टँडने उचलून धरली. इतकी माणसं माझं ऐकतायत हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.
तेवढ्यात तो वळला. सरळ माझ्याकडे बघितलं. चिडलेला नव्हता. नुसता बघत होता. मी भोंगा खाली ठेवला. बुटाची नाडी सुटली होती.
शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर गोल. जिंकलो. निव्वळ नशीब. स्टँड त्याच्या नावाने ओरडायला लागला. मीही ओरडलो, गर्दीत वेगळं पडणं बरं दिसत नाही. मिठी मारायला शेजारी कुणी नव्हतं.

२ डिसेंबर
मंडळाची निवडणूक. नवा अध्यक्ष: मेहुणा. अनुभव शून्य! विरोधात एकच मत पडलं. कुणाचं, ते गुप्त आहे. यापुढे सभा डेपोच्या कँटीनमध्ये.
लॅपटॉप दुकानात आला की मी मागे जातो. त्याने मला ओळखलंय, यात शंका नाही. आता डूख धरणार. अशी माणसं विसरत नाहीत.

१८ फेब्रुवारी
लीगच्या टेबलमध्ये आम्ही दुसरे. त्याने जाब विचारलाच तर म्हणून खुलासा पाठ करतोय: भोंगा माझा असला तरी आवाज जनतेचा होता. आरशासमोर चांगला वाटतो.

१० मे
टीम वरच्या लीगमध्ये गेली. क्लबने चाहत्यांना ग्राउंडवर बोलावलं होतं. समोरासमोर काय तो निकाल लावायचा म्हणून गेलो. काल खुलाशात एक माफीचं वाक्यही घातलं. एकच.
रांगेत आमच्या घरचे पुढे, मी शेवटी. साहेबांनी 'वहिनी, कशा आहात?' म्हणून बायकोची चौकशी केली. मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली. मुलीला नावाने हाक मारली, आणि ती कसल्याशा गोष्टीवर खळखळून हसली. मग ते माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला.
ते हसून म्हणाले, पहिल्यांदाच आलात का ग्राउंडवर?
मी काही बोलायच्या आत त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, जरा आमचा फोटो काढता का?
काढला. बायको म्हणाली, अजून एक काढा, साहेबांचे डोळे मिटलेत. काढला.
फोटो चांगला आलाय. सगळे आलेत.