पालक-संवाद आणि चहा बंद

१ जानेवारी, बुधवार

बी.एड.ला असताना आमच्या मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "सुचित्रा, तू बोलायला लागलीस की समोरच्याला काही बोलावंच लागत नाही." वीस वर्षं झाली. इतकी नेमकी दाद मला पुन्हा कुणी दिली नाही.

आज ती आठवायचं कारण म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव नंदकिशोर सर. सावरधऱ्याला आमचं मुलींचं खो-खो केंद्र आहे. तिथल्या पालक-संवादाची जबाबदारी त्यांनी माझ्याकडे दिली. राळेगावहून एसटीने पाऊण तास. खेळ शिकवायला रोशन आहे, गावातलाच मुलगा. शिकवतो बरा. पण पालकांशी बोलायला अनुभवी माणूस लागतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला यवतमाळला तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे, त्यातून जिल्ह्याचा संघ निवडणार. आमच्याकडे खुशी नावाची मुलगी आहे. ती पळत नाही, सुटते. तिची निवड नक्की. आईची सही तेवढी हवी.

नव्या वर्षाचे संकल्प: चहा बंद (ॲसिडिटी). साखर बंद. बाहेरचं खाणं-पिणं बंद, पाणीसुद्धा. तांब्याची बाटली आणली. प्रत्येक पालकाच्या घरी स्वतः जायचं. आणि उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही.

स्वानंद म्हणाला, तू चहा सोडणार असशील तर आधी आम्हाला घराबाहेर पडू दे. नवऱ्याकडून प्रोत्साहनाची अपेक्षा नव्हतीच.

४ जानेवारी, शनिवार

पहिली गृहभेट, खुशीकडे. वडील पुण्याला कंपनीत. घरी आई साधना आणि आजोबा नागोराव. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली खिळ्याला खुशीची दोन मेडलं.

नागोराव लगेच म्हणाले, "या या मॅडम, बसा. साधना, चहा मांड." मी ठामपणे सांगितलं, मी चहा पीतच नाही. ते म्हणाले, मंग पानी तरी घ्या. मी पर्समधून बाटली काढून दाखवली. माझं पाणी माझ्याजवळ असतं!

बाटली पाहून दोघंही गप्प झाले. तांब्याचं महत्त्व गावात अजून पोचलेलं नाही. मग तेही समजावून सांगितलं.

पाऊण तास बोलले. मध्ये कुणी एक शब्द काढला नाही. इतकं मन लावून ऐकणारं घर मी पाहिलं नव्हतं.

निघताना रोशन दारातूनच ओरडत आला, "काकू, अर्धा कप टाका बरं माह्यासाठी!" हा मुलगा प्रत्येक घरी चहा पितो. आतडी जातील. शिवाय बरं दिसत नाही.

६ जानेवारी, सोमवार

स्वानंदच्या कपातला अर्धा चहा घेतला. घरचा धरायचा नाही. आपल्याकडे दूध कमी असतं.

९ जानेवारी, गुरुवार

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नाव 'पालक-सेतू'. गोंधळ नको म्हणून फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग केलं. रोज एक सुविचार, एक सूचना, एक माझा व्हॉइस मेसेज.

संध्याकाळपर्यंत कुणाची काहीही प्रतिक्रिया नाही. उदासीनता.

१३ जानेवारी, सोमवार

पालकसभा, सकाळी अकरा. दोघी आल्या. त्यातली एक आपली शेळी शोधत आली होती.

रोशनला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मॅडम, कापसाची वेचणी चालू आहे ना. अकरा वाजता गावात म्हातारे अन् शेळ्याच राह्यतेत." मग आधी का सांगितलं नाहीस? म्हणे, "तुमी विचारलंच नाई."

विचार करण्यासारखं आहे. सभेला कुणी येणार नाही हे त्याला आधीच माहीत होतं. कसं? त्याचा वेगळा ग्रुप असणार. परतताना हातपंपावर चार बायका बोलत होत्या. मी जवळ जाताच गप्प. मी हसले. त्यांनी हंडे उचलले.

हा संशय नव्हे, निरीक्षण आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

राळेगाव स्टँड. सावरधऱ्याची गाडी लेट. ऊन नाही, वारा गार, कँटीनमध्ये आल्याचा वास. एक चहा घेतला, सोबत खारी. प्रवासातला चहा औषधासारखा असतो. मग दुसराही घेतला, कारण पहिला पाणचट होता.

समोरच्या बाकावर नागोराव बसलेले दिसले. तूर विकायला आले असावेत. मी कप उंचावून हाक मारली, "नमस्कार नागोराव!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून कळंबच्या गाडीची पाटी वाचायला लागले. त्यांना कळंबला जायचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. नंतर ते माझ्याच गाडीत चढले आणि पार मागे जाऊन बसले.

काय लपवताहेत?

२० जानेवारी, सोमवार

आनंदाची नोंद. आज पाच घरी गेले. एकाही घरी चहाचा आग्रह झाला नाही. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. वीस दिवसांत अख्ख्या गावाला माझी शिस्त कळली. सातत्याचा परिणाम.

एका घरी तर बसायलाही सांगितलं नाही. घाईत असतील.

साधना अंगणात कपडे वाळत घालत होती. शिबिराचं बोलले. "पाह्यतो," म्हणाली. आणि एक चादर तिने इतका वेळ झटकली, की मला दोन पावलं मागे सरकावं लागलं. खुशी दाराआडून बघत होती. या मुलीला मागच्या शनिवारी मी मैदानावर पाहिलं आहे. खांबाला वळसा घालताना जमीन हिला सोडते, असं वाटतं. आणि आईला त्याचं काही नाही.

या घराला कुणीतरी पढवतंय.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विषय निवडला: 'संविधान, समता आणि सुसंवाद'. छान बोलले. "आपण सगळे एका ताटात जेवणारी माणसं आहोत," या वाक्याला टाळ्या अपेक्षित होत्या. मागे कुणीतरी खोकलं.

नंतर समाजमंदिरापुढे पंगत होती. मसालेभात, बुंदी. वास सुंदर. पण संकल्प म्हणजे संकल्प. पंगतीत बसले, घरून आणलेला डबा उघडला. भाकरी, मेथी. बाटली होतीच. वाढणारी मुलगी पत्रावळ घेऊन माझ्यापुढे थांबली, डब्याकडे बघितलं, पुढे गेली. ती खुशी होती, हे ती दोन पानं पुढे गेल्यावर लक्षात आलं.

शेजारची बाई उठून दुसऱ्या ओळीत गेली. माझ्या बाजूला ऊन होतं, म्हणून असेल.

रोशनने तीनदा बुंदी घेतली. त्याच्याशी मात्र सगळे हसतखेळत. याला म्हणतात गटबाजी.

२८ जानेवारी, मंगळवार

शिबिराची संमतीपत्रं आली. सगळ्यांच्या सह्या आहेत, त्याही रोशनने घरोघर फिरून आणलेल्या. खुशीचं तेवढं कोरं परत आलं.

नंदकिशोर सरांचा फोन. म्हणाले, खुशी नसेल तर बाकीच्यांना नेऊन काय करायचं, आणि मॅडम, तुमचा पालक-संवाद झाला ना? मी म्हटलं, भरपूर झाला. आता मामला राजकारणाचा आहे. लवकरच छडा लावते.

साधनाला एक सविस्तर व्हॉइस मेसेज पाठवला. शिक्षणाचं महत्त्व, खेळाचं महत्त्व, मुलीचं भविष्य, आईचं कर्तव्य. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज रोशनला मैदानावर गाठलं. आरोप मुद्द्यांसह तयार ठेवले होते. वेगळा ग्रुप, लोकांचे कान भरणं, श्रेय लाटणं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, गावात दुसरा कोनताच ग्रुप नाई. तुमच्या ग्रुपवर कोणाले लिवता येत नाई, एवढंच."

मी म्हटलं, मग साधना सही काहून करत नाही? (मी 'का' नाही, त्यांच्यासारखं 'काहून' म्हटलं. माणसं जवळ येतात.)

तो बुटाच्या टोकाने चुन्याची रेघ उकरत राहिला. मग म्हणाला, "तुमी त्यांच्या घरी पानी पेत नाई."

मला हसूच आलं. अरे, ॲसिडिटी! डॉक्टर! तांबं! सगळं समजावून सांगितलं.

"मले मालूम आहे. त्यांले कसं मालूम होईन?" म्हणे. "नागोराव आबाले सांगतलं, चहाच पेत नाई. अन् मंग स्टँडवर तुमी पेऊन राह्यल्या होत्या. दोन कप, म्हने. अन् सव्वीस तारखेले पंगतीत बसून डबा उघडला."

मी म्हटलं, रोशन, मी तसली नाही रे.

तो म्हणाला, "तसं कोणी म्हनलंच नाई मॅडम. कोणी काईच म्हनलं नाई. पाह्यलं फक्त."

परतीची गाडी चुकली. दुसरी येईपर्यंत फाट्यावर उभी होते. एखादा गैरसमज इतका पसरतो आणि संबंधित व्यक्तीलाच सांगत नाहीत, ही संवादाची कमतरताच आहे. गावाची. म्हणजे, दोन्ही बाजूंनी असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी गेले. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घेतली होती. साधना नुकतीच शेतातून आलेली, केसांत कापूस अडकलेला. चिठ्ठी दाखवली, वाचून दाखवली. 'रिकाम्या पोटी चहा टाळावा' असं त्यात लिहिलंय. एवढंच लिहिलंय, हे मलाही आजच नीट दिसलं.

मग मीच म्हटलं, साधनाताई, पाणी द्या. तिने दिलं. स्टीलचा पेला, काठोकाठ. सगळं प्यायले. घरात माझ्या घोटांचाच आवाज.

साधना म्हणाली, "आता पेऊन काय होते बाई?"

नागोराव खाटेवर होते. माझ्याकडे न बघता बोलले. "आमच्या घरचं न पेनारे मी लय पाह्यले. माह्या बापानं तं त्याहून पाह्यले. पन ते खोटं नाई बोलायचे. सरळ नाई म्हनायचे अन् आमाले पानी वरून वतायचे. तुमी म्हने चहाच पेत नाई."

मी म्हटलं, त्यात खुशीचं काय चुकलं?

तेव्हा साधना एकदम बोलायला लागली. मला वाटायचं, तिला बोलता येत नाही. "चुकलं नाई, म्हूनच नाई पाठवत. तीन दिवस तुमच्या भरोशावर? तिले कुठं बसवसान, कोनाजवळ जेवाले वाढसान, मले काय मालूम? कोणी काई म्हनत नाई हो मॅडम. नुसते डबा घेऊन बसतेत. पत्रावळ घेऊन उभी राह्यली ती, आठवते का? घरी येऊन मले म्हने, आई, माह्ये हात तं धुतले होते."

खुशी आतल्या दारात उभी होती. पायात बूट, नाडी बांधलेली. सहीसाठी ती रोज बूट घालून बसते, हे परतताना फाट्यावर भेटलेल्या रोशनने सांगितलं.

समजावण्याचे मुद्दे लिहून पर्समध्ये आणले होते. एकही काढला नाही.

घरी आल्यावर स्वानंदला सगळं सांगितलं. तो थट्टा करेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, बाटली नसती तर त्या दिवशी तिथलं पाणी प्यायली असतीस?

म्हटलं, प्यायले असते.

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला, ते त्याने पाहिलं. मीही.

आईच्या घरी मोलकरणीचा कप खिडकीत वेगळा असायचा. त्यावर नक्षी होती, म्हणून मला तो मानाचा वाटायचा.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

सावरधऱ्याच्या पहिल्या गाडीत. अक्षर हलतंय.

उद्या सकाळी मुली यवतमाळला निघणार. काल दिवसभर योजना केल्या. खुशीच्या शेजारी बसून तिन्ही दिवस जेवेन, असं लेखी द्यावं. गावजेवण घालावं. ग्रुपवर जाहीर खुलासा टाकावा. तो लिहिलाही. तीन स्क्रोल झाला. पुसला. त्यात 'मी' फार वेळा आलं होतं. ग्रुपचं सेटिंग तेवढं बदललं, आता कुणीही लिहू शकतं. अजून कुणी लिहिलेलं नाही. फक्त शेळीवाल्या बाईने अंगठा पाठवला. चुकून लागला असेल.

शेवटी राहिलं ते एकच. मुलींच्या सोबत एक बाई हवी, असा शिबिराचा नियम आहे. ती बाई म्हणून माझं नाव गेलंय. ते काढून दुसरं घालता येतं. नंदकिशोर सर चिडतील. म्हणतील, शेतातली बाई तिथे काय बोलणार? मुलींच्या जवळ झोपायला आणि ताटात काय पडतंय ते बघायला जास्त बोलावं लागत नसावं.

ती नाहीच म्हणणार. वेचणी शेवटची आहे. म्हातारा घरी एकटा. एक रात्रही ती गावाबाहेर राहिलेली नाही, रोशनकडून कळलंय. शिवाय मी विचारतेय म्हटल्यावर यातही काहीतरी डाव आहे, असं तिला वाटणारच. तिच्या जागी मी असते तर मलाही वाटलं असतं.

ती कामाला निघायच्या आत पोचलं पाहिजे. काही समजावायचं नाही. अंगणातच उभं राहायचं, आत बोलावलं तरच जायचं, आणि एवढंच विचारायचं: साधनाताई, उद्या मुलींबरोबर माझ्या जागी तुम्ही जाता का?