खोलीत एकच माणूस राहतो

१२ जानेवारी

लिहीन लिहीन म्हणत पंधरवडा गेला. आकुर्डीला उतरल्या उतरल्या वही घेतली, आणि तिच्यात पहिला पडला तो चहाचा डाग. तर, चाकणला पोचलो. गोव्यात हॉटेल झालं, कोल्हापुरात मांडववाला झालो, आता गाड्यांच्या सीटा शिवणारी कंपनी. ठेकेदाराकडून, दिवसपाळी. आई म्हणते, सिद्ध्या, कुठेतरी टिक. बघू.

खोली झकास आहे. म्हणजे पत्र्याची, कांदा मार्केटच्या मागे, पण गादी जाड. कॉट अर्धी माझी. रात्री मी झोपतो, दिवसा अजिम. तो उदगीरचा, कायम रातपाळी. सकाळी दारात बूट काढता काढता विचारतो, भावा, गादी गरम ठेवलीस ना? पाण्याची बाटली दोघांत एक, तंबाखूची पुडीही एकच. मोबाईलवर लेकीचे व्हिडिओ दाखवत बसतो. तिला अजून दातही नाहीत, पण हिला इंजिनियर करणार म्हणे.

मालक दौलतराव इथलेच. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर खोल्या काढल्या. त्यांनी बजावलंय, कुणी इचारलं तर खोलीत येकच माणूस राहतो म्हणायचं, पोलीस ठाण्यात येकाचंच नाव दिलंय. मला काय, म्हणेन.

२३ जानेवारी

अजिम आज कामावर गेला नाही. ताप. डोकं फुटतंय म्हणतो, दार किलकिलं केलं तरी डोळ्यांवर हात घेतो. मान ताठ, हनुवटी छातीला लागत नाही. इथे मशीनवर वाकून सगळ्यांच्याच माना आखडतात, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. दौलतरावांनी केसरबाईंना आणलं. लाइनवरच्या पोरांच्या माना त्याच चोळतात. तेल लावून मान वळवली तसा अजिम असा ओरडला की शेजारची बाई धावत आली. केसरबाई म्हणाल्या, शीर लई आवळलीय, उद्या परत चोळू.

पायांवर जांभळे ठिपके दिसले. ढेकूण, दुसरं काय. माझं टाळकंच सटकलं. गादी बाहेर ओढली, बडवली, औषध मारलं. तोवर अजिम भिंतीला टेकून थरथरत बसला होता.

२४ जानेवारी

कामावरून आलो तर अजिम मला ओळखेना. दौलतराव आणि मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी काचेचा ग्लास ठिपक्यांवर दाबून धरला. ठिपके तसेच, फिके पडेनात. हे ढेकूण नव्हेत म्हणाल्या, मेंदूच्या आवरणात जंतू गेलेत, रक्तातही. पाठीतून पाणी काढलं, ते गढूळ निघालं. खोकल्यातून, उष्ट्यातून पसरतं. सोबत राहणाऱ्यांना ताबडतोब गोळी द्यावी लागते, कोण राहतं सोबत?

मी तोंड उघडायच्या आत दौलतराव बोलले, कुनी न्हाई, ह्यो शेजारचा हाय. मी गप्प. खोली गेली असती. आता स्वतःच्याच कानाखाली मारावीशी वाटतेय.

२५ जानेवारी

दवाखान्याची माणसं येऊन गेली म्हणे. मी पाळीवर, सुपरवायझर सोडेना. दौलतरावांनी सांगितलं, राहणारा येकच, त्यो तुमच्याकडंच झोपलाय. मी भांडलो. ते म्हणाले, तुला काय झालंय? धडधाकट हायस की.

२६ जानेवारी

दवाखान्यात गेलो. झेंडा, लाडू, सुट्टी. खिडकीवरचा विचारतो काय होतंय. काही नाही म्हटलं. मग उद्या या.

२७ जानेवारी

डॉक्टरीणबाई रजेवर. खिडकीवरचा म्हणतो, तुम्ही तर शेजारी. सोबत राहता तर मालकाची सही आणा. दौलतराव सही देत नाहीत. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही. एक गोळी, राव. एका गोळीसाठी अख्खं चाकण पालथं घातलं.

२८ जानेवारी

डोकं दुखतंय. उन्हात फिरलो, त्यानेच.

त्यानेच असेल.

दाराच्या फटीतला उजेड डोळ्यात घुसतोय. दौलतराव बाहेरूनच विचारतात, केसरबाईला बोलवू का? नको म्हटलं. आवाज बाहेर गेला की नाही —

२९

मोबाईलकडे बघवत नाही. नंबर लागत नाही. बोटं भलतीकडेच —

मान —

पायावर ठिपके. ग्लास दाबला. जात नाहीत. परत दाबला.

कुणीतरी दारात. दौलतराव असतील — नाही. बाई आहे. अजिमची बायको, नबीला. उदगीरहून आली. कडेवर पोर. म्हणते, अजिम बोलायला लागला, पहिलं तुमचंच विचारलं, सिद्धेशभाईला गोळी मिळाली का. रिक्षा उभी आहे, उठा म्हणते. हो. येतो. येतो भाभी —

मला धरायला वाकतेय. पोर खाली ठेवतेय, इथेच, उशीवर, माझ्या तोंडापाशी — नको — जीभ हलत — पोर हसतंय माझ्याकडे — भाभी, उचला — खोकला ये