भयखेळाचा परीक्षक, जिंतूर

४ नोव्हेंबर, सोमवार
पुण्याच्या वेबसाइटवर माझं परीक्षण आलं. 'ओसाड गावं' ही भयखेळाची नवी पुरवणी. शेवटचं वाक्य जमलंय: "अनुभवी खेळाडूला यात घाबरण्यासारखं काहीच नाही." पुरवणी वाचताना वडिलांच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर पूर्ण उघडं ठेवलं होतं. हवेसाठी.

अप्पांनी पुन्हा विचारलं, हा खेळ म्हणजे काय. पुन्हा सांगितलं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, फासे टाकून जगतात नाहीतर मरतात. अप्पा म्हणाले, पातेली पुसून घे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
नवी साहसकथा आली. 'परतीची हाक'. बंद पडलेली कापसाची जिनिंग मिल. आत जे काही आहे ते आपल्या घरच्यांचा आवाज शिकतं आणि नावानं हाक मारतं. ओ दिली की संपलं.

एका बैठकीत वाचायचा संकल्प होता. निम्म्यावर थांबलो. डोळे दुखत होते. शिवाय मजकूर मुरू द्यावा लागतो.

बाथरूमला जाताना बायकोला, महेश्वरीला, दाराबाहेर उभं केलं. तिथला बल्ब भरवशाचा नाही. ती म्हणाली, बल्ब कालच बदललाय.

९ नोव्हेंबर, शनिवार
चाचणी-खेळ. दुकानाच्या माडीवर, भर दुपारी. मी गोष्ट चालवली. खेळायला महेश्वरी, मोबाइल दुकानवाला नागेश आणि त्याची बायको साक्षी. हाकेचा आवाज मीच काढला. माझ्याच अंगावर काटा आला, म्हणजे किती चांगला काढला असेल.

महेश्वरी हाक ऐकून सरळ आत गेली आणि मेली. नवख्यांची चूक, असं मी समजावलं. तर म्हणते, "घरचं माणूस बोलवायलंय, जाऊन बघायचं न्हाई का?"

तिला खेळाची समज कमी आहे.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी
नागेशच्या दुकानातून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, स्टूल डगमगतं.

अप्पा सकाळीच वालूरला गेले, लग्नाच्या भांड्यांची ऑर्डर घ्यायला. महेश्वरी बाजारात. दुकानात मी एकटा. मागच्या गोदामात धाडकन भांडी पडली. मांजर, असं ठरवलं. मग आवाज आला. "शिवा." अप्पांचा. हुबेहूब. थोडा घोगरा.

अप्पा वालूरला. मग हा कोण?

गोदामाच्या दारापर्यंत गेलो. हे नोंदवून ठेवतो, गेलो. कडीला हात लावला नाही. आतून पुन्हा, "ए शिवा, बाबा…" ओ दिली नाही. नियम पाळला. मग शांतपणे बाहेर आलो. चप्पल आतच राहिली.

परीक्षणासाठी उत्तम सामग्री.

तोच दिवस, संध्याकाळी
अप्पाच होते. ऑर्डरवाल्याचा फोन आला, घंगाळाचा नमुना आणा, म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतले, मागच्या दारानं गोदामात शिरले, वरचं घंगाळ काढायला शिडीवर चढले आणि पडले. खुबा मोडला. बाजारातून आलेल्या महेश्वरीला कण्हणं ऐकू आलं. ती सरळ आत गेली.

परभणीला आणलंय. उद्या ऑपरेशन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
ऑपरेशन नीट झालं. शांतपणे विचार केला तर माझं चुकलं कुठे? माहिती अपुरी होती. कुणीही हेच केलं असतं.

सगळ्यांना सांगितलंय की मी माल उतरवायला देवगाव फाट्याला होतो. नागेशलाही तेच सांगायला सांगितलं. त्यानं मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. महेश्वरी कामापुरतं बोलते. दमली असेल.

डोळा लागला की हाक ऐकू येते. खरी. म्हणून झोपत नाही. तशीही दवाखान्यात झोप कुणाला लागते.

१८ नोव्हेंबर, सोमवार
वालूरचे व्यंकटराव भेटायला आले. ज्यांची ऑर्डर होती तेच. हळहळले. एवढा वेळ पडून होता, पोरगा कुठं होता, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अप्पाच म्हणाले, शिवकांत देवगाव फाट्याला गेलता, असता तर पळत आला असता. व्यंकटराव मला म्हणाले, असा बाप मिळाला, नशीबवान आहेस. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आलो.

परत आलो तर अप्पा छताकडे बघत होते. बसलो.

मग हळूच म्हणाले, "दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसत होते मला."

मी चादर सारखी करू लागलो.

"लय भ्यालतास का रे?"

हो म्हणालो.

अप्पांनी संत्रं मागितलं. सोलून दिलं.