होतं आणि होतु

४ नोव्हें., मंगळ.
दोन रेघा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका मापनावर मी कारखान्यातला गेज पास करत नाही, हेही करणार नव्हते. सहा आठवडे, दोन दिवस. वि.चा बेंगळुरूहून फोन. जेवलीस का, जेवले. सांगितलं नाही. लग्नाला दीड वर्ष. मूल अजून "बघू"मध्येच.

६ नोव्हें., गुरु.
मला नकोय. नोकरी, वि.चं लांब असणं, भाड्याचं घर, एकेक कारण बाजूला काढून बघितलं. सगळी काढली तरी वाक्य उभंच.

संध्याकाळी खाली गंगक्कांकडे, मेथी निवडायला. घरमालकीण, मराठी बोलते ते कानडी मिसळून. कलघटगीच्या भाचीचा विषय. "चांगलं बाळ काढून टाकली की ती! देवरानं दिलेलं, आपण ब्याड म्हणायचं? नको म्हणायचं?"
"का काढलं, विचारलंत तिला?"
"विचारायचं काय त्यात? नवरा हाय, घर हाय."
दोन्ही माझ्याकडेही आहेत. मेथी संपेपर्यंत बसले.

८ नोव्हें., शनि.
जुन्या हुबळीतला दवाखाना. धारवाडचं कुणी भेटणार नाही म्हणून. नर्स : "मिस्टर कुठायत? सही लागते." डॉक्टरीणबाई मान वर न करता, "लागत नाही. यांचीच पुरे." फार बरं वाटलं. पण मी फक्त फॉर्मवरची चुकलेली तारीख दाखवली. "नक्की ना?" "नक्की." पहिली गोळी तिथेच. पुढच्या गोळ्या परवा, घरी.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईचं मूल माझ्या ओढणीशी खेळत होतं. काही वाटेल अशी वाट बघितली. धारवाड आलं.

१० नोव्हें., सोम.
रजा. दुपारी सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेवढंच, पण सांगितलेलं दुखत नाही.

अक्का दूध घेऊन वर आली. मी न्हाणीच्या दाराशी बसलेली. बादलीकडे बघून ओळखलं तिनं. "पोटुशी होतीस काय ग?"

खरंच सांगायचं होतं. होतं, पण मी काढलं, असं. "होतं" एवढंच बाहेर आलं, मग कळ.

तिनं ते कानडीत ऐकलं. "होतु?" गेलं? पदर तोंडाला. "अय्यो शिवने, होतु!" मग मला धरून तिथेच फरशीवर बसली. तिची दोन अशीच गेलेली. पाच वर्षं तिच्या घरात राहतेय, आज कळलं.

दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. तिचा हात पाठीवर होता.

११ नोव्हें., मंगळ.
अक्कानं वि.ला फोन केला. तिला वाटलं, मला सांगवत नसेल. वि. फोनवर रडला. याआधी ऐकलं नव्हतं.
"मला सांगितलं का नाहीस?"
"सांगणार होते."
आत्तापर्यंत गप्प होते. हे मात्र खोटं.

१३ नोव्हें., गुरु.
वि. काल आला. भात लावतो, चादरी बदलतो. अक्काचे डिंकाचे लाडू, सकाळी एक, संध्याकाळी एक, हातात आणून देतो. "तुझी काय चूक त्यात." अक्का जिन्यातूनच, "खाल्ली का रे ती? गप तिच्यासमोर रडू नकोस, बायको तू का ती?" वि. हसला, मग पुन्हा डोळे पुसले.

दोघं मिळून जिची काळजी घेतायत ती बाई मी नाही. तिचे लाडू मी खातेय.

पस्तावा? रोज तपासते. नाही. पण आज सात आठवडे, चार दिवस झाले असते, हे न मोजता मोजलं जातं. हे कुणाला सांगायचं? ज्यांना पाप वाटतं ते ऐकणार नाहीत. ज्यांना वाटत नाही ते म्हणतील, मग मोजतेस कशाला.

१५ नोव्हें., शनि.
उद्या वि.ची आई येतेय, मला बघायला. वि.नं आत्ता विचारलं, "कारण काय म्हणाल्या डॉक्टर? आई विचारेल." म्हटलं, पाच मिनिटं दे.

स्वयंपाकघरात उभ्यानं लिहितेय. सांगितलं तर एक तर म्हणेल, काढायला मी हो म्हटलं असतं. मग मी एकटीनं का केलं? किंवा म्हणेल, नाही म्हटलं असतं. तरी मी केलंच असतं. यातलं दुसरं त्याला कसं सांगायचं ते येत नाही. पहिलं ऐकायची जास्त भीती वाटते.

सोमवारी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण म्हणून बघितलं, हळू आवाजात.

"काय म्हणालीस?" बाहेरून वि. खुर्ची सरकली. येतोय